उस्तादांच्या वळणावर मोटर आचके देते

राजूर घाटातलं ते वळण जवळ आलं की मोटरीतली माणसं आपोआप गप्प व्हायची. मलकापुरात चढल्यापासून मोताळ्यापर्यंत नुसता कलकलाट असायचा. कोर्टाची तारीख, कापसाचा भाव, कोणाची सून माहेरी जाऊन बसली, सगळं जोरजोरात चालायचं. घाट लागला की एकेकाचं तोंड बंद. बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या, म्हातारे टोपी काढून मांडीवर ठेवायचे. मग ते वळण यायचं. इंजिनाचा आवाज एकाएकी बसायचा, मोटर अडायची, एक हिसका द्यायची, पुन्हा अडायची, पुन्हा हिसका. सगळ्यांच्या माना एकदम पुढे, एकदम मागे. आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हलक्या आवाजात म्हणायचं, "बसले अर्जुनराव."

वळण संपून चढ जरा मोकळा झाला की मोटर पुन्हा सुतासारखी सरळ चालायची. बुलढाण्याच्या अड्ड्यावर उतरताना लोक ड्रायव्हरच्या सीटकडे बघून हात जोडायचे. उकंडरावाला नव्हे बरं का, त्याच्या शेजारच्या रिकाम्या अर्ध्या सीटला.

हा उकंडराव वडनेर भोलजीचा. बापाची वांग्या-मिरच्यांची वाडी होती. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवला आणि तेच नाव ठेवलं, म्हणजे यमाची नजर जायची नाही. यमाची गेली नाही, पण मोटरवाल्यांची गेली. भाजीच्या टोपल्या घेऊन मलकापूरच्या बाजाराला आलेला हा गडी मोटरीखाली वाकून बघत बसायचा, आणि एक दिवस टोपल्या तिथंच टाकून अर्जुनरावांच्या मागं लागला. क्लीनर झाला. अर्जुनरावांना तो उस्ताद म्हणायचा, त्यांच्या बायकोला, गोजरबाईला, वहिनी. उस्ताद शिव्या अशा द्यायचे की ऐकणाऱ्याचे कान तापावेत, पण दुपारच्या डब्यातली अर्धी भाकर आधी उकंडाच्या हातावर ठेवायचे. इंजिनाचं काम असं शिकवलं की त्याला झोपेत उठवून विचारा, कोणता पेच कुठं बसतो ते सांगेल.

मोटरही साधीसुधी नव्हती. लढाई संपल्यावर मिलिटरीच्या लिलावातून भगवानराव पाटलांनी उचललेली, वर सुतारानं लाकडी खोका चढवलेला. वऱ्हाडात तेव्हा बहुतेक मोटरी पेट्रोलच्या, काही कोळशाच्या धुरावर रडतखडत चालणाऱ्या. ही डिझेलची. अर्धा कोस आधी तिचा खडखडाट ऐकू यायचा आणि वाटेवरचे बैल बुजायचे. तेव्हाच जुनी होती ती. पण उस्तादांच्या हाताखाली कधी अडली नाही.

आणि उस्ताद गेले ते तिच्यावरच. भरल्या मोटरीनं घाट चढताना त्या वळणावर त्यांनी एकाएकी ब्रेक दाबला. "उकंडा, दगड लाव," एवढंच म्हणाले. उकंडरावानं उडी मारून मागच्या चाकाला दगड लावला. उस्ताद हळूच खाली उतरले, रस्त्याच्या कठड्याला टेकून बसले, छातीवर हात ठेवला. पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत मान कलली होती. एवढी माणसं होती आत, लेकुरवाळ्या बाया होत्या, एकालाही खरचटलं नाही. उकंडरावानं त्यांना उचलून पुढच्या सीटवर ठेवलं, दोरीनं बांधलं आणि आयुष्यात पहिल्यांदा भरली मोटर स्वतः घाटावर नेली, शेजारी उस्ताद घेऊन. तेव्हापासून तो सीटच्या अर्ध्याच भागावर बसायचा. अंग चोरून. कोणी तिथं बसायला गेलं तर, "तिकडे सरका बाप्पा, जागा हाय कोनाची तरी," म्हणायचा.

आचके सुरू झाले ते उस्तादांच्या तेराव्यानंतर महिनाभरानं. आधी वाटलं, तेलात पाणी असेल. मग तेच ते वळण, तोच तो हिसका. लोकांनी आपापल्या परीनं अर्थ लावला. उस्तादांनी ज्या जागी मोटर थांबवली, त्या जागी ते अजून थांबवायला बघतात. कोणी म्हणालं, त्यांना पाणी मिळालं नाही म्हणून. कोणी म्हणालं, ते पुढचा धोका सांगतात.

उकंडराव काय म्हणायचा? तो मोटर उकलायचा. धूर काळा येतो का पाहिलं. नाही. म्हणजे तेल जास्त पडत नाही, उलट पोचत नाही. कुठंतरी हवा ओढते का म्हणून नळीचा जोड न् जोड आवळला, पंप उकलला, तोंडानं फुंकून नळ्या पाहिल्या. दिवसभर तोंडाला डिझेलची चव. तेलाची गाळणी धुतली. तिच्यात कधीतरी एखादा धागा अडकलेला असायचा, पण कापसाच्या मुलखात धागा कुठं नसतो सांगा! सरकी काढायच्या जिनाच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या मोटरीच्या तर नाकातोंडातही रुई जाते. सगळं ठाकठीक. अड्ड्यावर इंजिन सुरू केलं की कसं गुरगुरायचं, ऐकत राहावं. रिकामी मोटर घाटावर नेली, एकही आचका नाही. माणसं भरून नेली की आचके.

झालं! लोकांना तेवढंच हवं होतं. "पाह्यलं का? रिकाम्या मोटरीले उस्ताद हात लावत नाहीत. मानसं बसली की येतात."

खरं सांगायचं तर उकंडरावालाही हळूहळू तसंच वाटायला लागलं होतं. वळण यायच्या आधी त्याच्या डाव्या अंगाला गार लागायचं. आचका आला की तो मनात म्हणायचा, "हाव उस्ताद, हाव, चालवतो सावकाश." घरी त्याची बायको रुखमाबाई चिडायची. "जित्त्या मानसांशी चार शब्द बोलत नाही अन् मेल्याशी गप्पा मारता," म्हणायची. तो भाकर मोडत बसायचा. बिघाड सापडत नाही याची त्याला लाज वाटायची, पण सापडला तर काय, याची भीती त्याहून जास्त वाटायची.

गिऱ्हाईक मात्र घटायला लागलं. गरोदर बाया बसेनात. लग्नाचं वऱ्हाड दुसऱ्या मोटरीनं जाऊ लागलं. एका सकाळी भगवानराव पाटील अड्ड्यावर आले, पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "काय बे उकंडा, तुह्या उस्तादानं माहा धंदा बसवला न! आता बस झालं. शनिवारी अमावस्या हाय. वरवट बकालकडचा भगत बोलावला. त्या वळनावर लिंबू कापून खिळा ठोकून टाकू. तिथंच बांधून ठेवतो म्हनला तो त्याले."

उकंडराव पाना हातात घेऊनच मोटरीखालून बाहेर आला. "पाटील, इतकी मानसं वाचवून गेले ते. त्यायले खिळा?"

"जित्ता होता तवा देवमानूस होता. मी नाही म्हनतो का? आता तो काय हाय, कोनाले ठाऊक?"

पाटील माणूस वाईट नव्हता. अर्जुनराव गेल्यावर त्यांनीच गोजरबाईला अड्ड्यावर कामाला लावलं होतं. मोटरीत पाणी भरायचं आणि पिंपातलं डिझेल गाळून डब्यात काढायचं. मूलबाळ नसलेली बाई, कुठं जाणार? सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पिंपाशी बसायची. कोणाशी बोलायची नाही, पण आठवड्यातून एकदा मोटरीनं घाटावर जायची, बुलढाण्याला काही काम नसताना. वळणावर आचका आला की डोळे मिटून घ्यायची. तिच्या तोंडावर तेव्हा जे यायचं, ते आरशात बघून उकंडराव नजर वळवायचा. नवरा कामावरून घरी आल्यावर बाईच्या तोंडावर यावं, तसं काहीतरी ते होतं.

पाटलांचं बोलणं तिनं ऐकलं. पाटील गेल्यावर ती पिंपाजवळून उठून आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "खिळा ठोकला म्हंजे मानूस तिथीच राह्यते म्हनतात. ना इकडचा ना तिकडचा. त्यायनं काय चोरी केली होती का, काऊन ठोकता खिळा? तुमी पुन्हा उकला मोटर. बिघाड असन तर काढा."

"वहिनी, सगळं पाह्यलं मी."

"मंग काही तरी राह्यलं असन." आणि मग आवाज एकदम खाली आणून, "येतात त्ये येऊ द्या म्हनत होती मी इतके दिवस. पन खिळ्यापरीस, भाऊजी, न आलेले बरे."

त्या एका वाक्यानं उकंडराव हलला. ह्या बाईला आचका सोडायचा नव्हता, तरी ती सोडायला तयार झाली; आणि आपण बसलोत सीट अर्धी रिकामी ठेवून! त्याला स्वतःचा राग आला. तो दिवसभर मोटरीभोवती फिरत राहिला आणि विचार करत राहिला. रिकामी चढते, भरली अडते. भरली म्हणजे काय? त्या वळणाच्या उभ्या चढावर इंजिन जास्त तेल पितं. जास्त प्यायला गेलं की मिळत नाही. नळ्या मोकळ्या, पंप चांगला, गाळणी साफ. मग राहिली ती टाकी. पण टाकीत डोकावलं तर स्वच्छ तेल, तळाशी काही नाही. डोळ्यांवर भरवसा ठेवायचा तर टाकीही निर्दोष.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं डोळ्यांवर भरवसा ठेवायचं सोडून दिलं. पाटलांच्या जिनातून सरकीची पोती आणून मोटर माणसांइतकी जड केली. टाकीची नळी काढून बांधून ठेवली. एक पत्र्याचा डबा डिझेलनं भरला आणि त्याची रबरी नळी थेट पंपाला जोडली. म्हणजे टाकी बाद, इंजिन डब्यातलं तेल पिणार. डबा ठेवायला जागा कुठली? शेजारची अर्धी सीट. डबा त्यानं तिथं दोरीनं बांधला. त्याच सीटवर त्यानं पूर्वी दोरीनं काय बांधलं होतं ते त्याचे हात विसरले नव्हते. "उस्ताद, धरा जरा डबा," तो म्हणाला आणि निघाला.

भर दुपार. घाटात चिटपाखरू नाही. शेजारी डबा डचमळतोय. इंजिन चढाला लागलं, पोत्यांचं ओझं ओढायला लागलं. वळण आलं. उकंडरावानं पाय पूर्ण दाबला, दात आवळले, मान ताठ केली, हिसका झेलायला.

हिसका आला नाही.

मोटर वळण चढली. अडली नाही, दबली नाही, एका दमात चढून गेली. कठडा मागं पडला. उकंडराव वाट बघत राहिला, थोडं पुढं येईल, आता येईल. माथ्यावर पोचल्यावर त्यानं मोटर बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि शेजारी पाहिलं. डबा होता. नुसता डबा. बिघाड सापडला म्हणून खूश व्हायला पाहिजे होतं ना? चाळिशी उलटलेला बाप्या, दोन पोरांचा बाप, पण स्टिअरिंगवर डोकं टेकून ढसाढसा रडला. उस्ताद त्या वळणावर नव्हते. कधी नव्हतेच. इतके महिने तो टाकीतल्या कचऱ्याला हाव हाव म्हणत होता.

खाली आल्यावर त्यानं टाकी उतरवली, तेल ओतून काढलं, तोंड खाली करून दणादणा आपटली. पहिल्यांदा काही पडलं नाही. मग कोपऱ्यातून काहीतरी घरंगळत आलं आणि त्याच्या हातावर पडलं. मऊ, ओला, मळकट गोळा. चिमणीच्या घरट्यात असतो तसा. कापसाच्या तंतूंचा. इंजिन जोरानं ओढायला लागलं की हा गोळा नळीच्या तोंडाशी जाऊन बसायचा. ओढ कमी झाली की सुटून तेलात कुठंतरी तरंगत राहायचा. म्हणून अड्ड्यावर कधी सापडला नाही.

आला कुठून? उकंडरावानं गोळा बोटांनी उकलला. आत तांबड्या काठाचे दोरे होते.

उस्ताद तांबड्या काठाचं धोतर नेसायचे.

मग सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. उस्ताद स्वतः तेल गाळायचे ते चामड्यातून. गोजरबाईनं चामड्याला हात लावला नाही. घरात प्यायचं पाणी जशी बाई गाळते, तसं तिनं तेल गाळलं: जुन्या, धुवून धुवून मऊ झालेल्या धोतराची चौपदरी घडी करून. नवऱ्याचं धोतर. सगळे कपडे तेराव्याला देऊन टाकले, हे एक तेवढं ठेवलं होतं. रोज गाळायचं, रोज सोडा लावून दगडावर आपटून धुवायचं, रोज त्याचे तंतू सुटायचे आणि तेलाबरोबर टाकीत जायचे. ती घडी उकंडराव रोज बघत होता. अशी घडी प्रत्येक घरातल्या माठावर असते. तिच्याकडं कोण लक्ष देतो?

तेवढ्यात पाटलांची हाक आली. "सापडलं का बे काही?"

उकंडरावानं गोळा सदऱ्याच्या खिशात कोंबला. डिझेल छातीवर ओघळलं. "सापडलं पाटील. पिंपाचा गंज. टाकीत कचरा बसला होता. भगताले नका बोलावू."

"नक्की?"

"उद्या तुमी सवता बसून पाहा."

संध्याकाळी रुखमाबाईनं सदऱ्यावरचा डाग बघून तोंडाचा पट्टा सोडला. उकंडरावानं गोळा खिशातून काढला आणि कोनाड्यातल्या सामानाच्या पेटीत ठेवला. मग काढून पुन्हा खिशात ठेवला.

सकाळी गोजरबाई पिंपाशी आली तेव्हा तिथं चामडं वाळत घातलेलं होतं. ती हातात धोतराची घडी घेऊन उभी राहिली. चामड्याकडं पाहिलं, घडीकडं पाहिलं. बाई काही भोळी नव्हती.

"ह्याच्यानं होत होतं, भाऊजी?"

"पिंपाचा गंज होता, वहिनी."

"माह्याशी खोटं नका बोलू. तुमाले जमत नाही."

उकंडरावानं खिशातून गोळा काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो नखानं उकलला. तांबडा दोरा दिसल्यावर तिनं तो धोतराच्या काठाशी लावून पाहिला. उकंडरावाला वाटलं, आता ही कोसळते. तो म्हणाला, "तुमची काही चूक नाही. तुमी साफच गाळत होता. लय साफ."

"चूक नाही म्हनत मी," ती म्हणाली. "मीच आनत होती म्हंजे त्यायले रोज. मीच." तिनं घडी आणि गोळा दोन्ही ओच्यात खोचले. "आज मले वर न्या."

मोटर त्या दिवशी खचाखच भरली. शनिवार होता, भगत येणार म्हणून आलेले बघे होते, पाटील स्वतः निघालेत म्हणून धीर करून चढलेल्या बाया होत्या. पाटील पुढं आले आणि त्या अर्ध्या सीटवर ऐसपैस बसले. मालकाला उकंडराव कसं सांगणार, सरका म्हणून? गोजरबाई मागं बायांत बसली.

घाट लागला. सवयीनं सगळे गप्प झाले, टोप्या उतरल्या, पदर सारखे झाले. वळण आलं. उकंडरावानं पाय दाबला. मोटर चढली. जोडलेले हात तसेच छातीशी राहिले आणि मोटर कठडा ओलांडून पुढं निघून गेली. क्षणभर कोणाला समजेना. मग पाटलांनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या! गेला न गंज!" मागं हसण्याची लाट उठली, कोणी टाळी वाजवली.

आणि त्या हसण्यातून गोजरबाईचा हंबरडा आला. "गेले वो माय! आता गेले!"

अर्जुनरावांना घाटावरून आणून अंगणात ठेवलं होतं त्या दिवशी ही बाई रडली नव्हती. तिरडी उचलली तेव्हाही नाही. गावानं तिला दगडाची म्हणून नावं ठेवली होती. आज ती बायांच्या अंगावर पडून, छाती पिटून रडत होती, आणि धरायला गेलेल्या बायाही तिच्याबरोबर रडायला लागल्या.

"थांबव बे, थांबव," पाटील घाबरून म्हणाले.

"चढावर भरली मोटर थांबवली का मंग लवकर उचलत नाही, पाटील," उकंडराव म्हणाला. हे त्याला उस्तादांनीच शिकवलं होतं. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं. बाहीनं डोळे पुसून त्यानं पाय तसाच दाबून धरला. आणि मोटर, लेकाची, एकही आचका न देता बाईचं रडणं घेऊन बुलढाण्याला चढली.